अरण्यातील रेणूंचा शोध : एचआयव्हीविरोधी वनस्पतिसंशोधनाचे एक पर्व

एड्सवरील औषधांचा इतिहास बहुधा प्रयोगशाळांचा आणि औषधकंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु ज्या वर्षांत ही औषधे घडत होती, त्याच वर्षांत बोर्निओ, सामोआ आणि कॅमेरूनच्या अरण्यांतून हजारो वनस्पतींची पाने, साली आणि मुळे अमेरिकेतील एका सरकारी प्रयोगशाळेकडे जात होती, आणि त्यांतून एचआयव्ही या विषाणूला परीक्षानळीत रोखणारे अनेक रेणू हाती येत होते, ही बाजू तुलनेने कमी परिचित आहे. त्या रेणूंपैकी एकही एचआयव्हीवरील मान्यताप्राप्त औषध होऊन रुग्णापर्यंत पोहोचला नाही, एवढ्यावरून ही मोहीम फसली असे म्हणता येईल. मात्र तसे म्हणताना तिने मागे ठेवलेल्या दोन गोष्टी नजरेआड होतात. विषाणूच्या जीवनचक्रातील ज्या टप्प्यांकडे तोवर औषधाचे लक्ष्य म्हणून कोणी पाहिले नव्हते, त्यांच्याकडे तिने लक्ष वेधले. आणि झाड ज्या भूमीत वाढते व त्याचे गुण ज्यांना ठाऊक असतात, त्यांचा औषधाच्या उत्पन्नात वाटा असतो, हे कागदावर लिहून घेण्याची प्रथा तिने रुळवली.

साथ आणि शोधाची निकड

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली आणि एड्सच्या साथीची पहिली लेखी नोंद झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने या रोगाचा विषाणू वेगळा काढला; भारतात त्याचा संसर्ग झालेल्या व्यक्ती प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत आढळल्या. हा विषाणू आपली जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात बाळगतो, माणसाच्या रोगप्रतिकारक पेशीत शिरल्यावर तिचे डीएनएत रूपांतर करतो आणि तो डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएत कायमचा गुंफून टाकतो. हे रूपांतर घडवणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज असे नाव आहे, आणि पहिल्या औषधांचा सारा रोख या विकरावरच होता.

मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले एझेडटी हे पहिले औषध १९६४ मध्ये कर्करोगासाठी तयार करण्यात आले होते आणि तेथे निरुपयोगी ठरल्याने बाजूला पडले होते. त्याने रुग्णांना काही काळ दिलासा दिला. परंतु ते एकटे दिले असता विषाणू स्वतःत बदल घडवून त्याला दाद देईनासा होई, आणि मोठ्या मात्रेमुळे रुग्णाला रक्तक्षय जडे. वेगळ्या घडणीच्या, वेगळ्या जागी घाव घालणाऱ्या रेणूंची गरज होती, आणि असे रेणू डोक्यातून कल्पून बनवण्याइतकी विषाणूची माहिती तेव्हा हाती नव्हती. निसर्गाकडे वळण्यास पूर्वानुभवाचा आधारही होता : सिंकोनाच्या सालीतून क्विनीन, सर्पगंधेच्या मुळातून रेसर्पीन आणि सदाफुलीतून रक्ताच्या कर्करोगावरील व्हिनक्रिस्टीन मिळाले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० जातींच्या वनस्पती कर्करोगविरोधी गुणांसाठी तपासल्या होत्या. या तपासणीतूनच पॅसिफिक य्यू या वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉल आणि एका चिनी वृक्षातील कॅम्प्टोथेसिन ही संयुगे पुढे आली होती, तरी त्यांचे मोल पूर्णपणे कळण्याआधीच तो कार्यक्रम थांबवण्यात आला. १९८६ मध्ये तो नव्याने सुरू झाला तेव्हा एड्सची साथ ऐन भरात होती, त्यामुळे गोळा होणाऱ्या नमुन्यांची कर्करोगाबरोबरच एचआयव्हीसाठीही चाचणी घेण्याचे ठरले.

नमुन्यापासून अर्कापर्यंत

संकलनाचे काम तीन संस्थांकडे सोपवण्यात आले. आफ्रिका आणि मादागास्कर मिसुरी बोटॅनिकल गार्डनकडे, मध्य व दक्षिण अमेरिका न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनकडे, तर आग्नेय आशिया शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाकडे गेला आणि या शेवटच्या कामात हार्वर्डच्या आर्नल्ड आर्बोरेटमचे वनस्पतिशास्त्रज्ञ सहभागी झाले. संग्राहकाने प्रत्येक वनस्पतीची साल, पाने, मुळे किंवा फळे वेगवेगळी घ्यावीत, साधारण अर्धा ते एक किलो भरेल इतका वाळवलेला नमुना पाठवावा आणि त्याच झाडाची फांदी, शक्य तर फुलाफळांसह, दाबून वाळवून वनस्पतिसंग्रहालयात ठेवावी, अशी पद्धत होती. या शेवटच्या वस्तूला प्रमाण नमुना म्हणतात. अर्कातून काही सापडले तर तो अर्क नेमका कोणत्या जातीच्या कोणत्या झाडाचा होता, हे सांगू शकणारा तो एकमेव साक्षीदार असतो.

नमुने मेरिलँड राज्यातील फ्रेडरिक येथे पोहोचले की प्रथम अतिथंड कोठारात ठेवले जात, नंतर दळून त्यांचे दोन अर्क काढले जात, एक सेंद्रिय द्रावकातला आणि दुसरा पाण्यातला. चाचणीची रीत मायकेल बॉइड यांच्या नेतृत्वाखालील प्रयोगशाळेत बसवण्यात आली होती. लहान लहान खळगे असलेल्या प्लास्टिकच्या तबकांत मानवी रोगप्रतिकारक पेशी वाढवायच्या, त्यांत विषाणू सोडायचा, त्यावर अर्क निरनिराळ्या मात्रांत घालायचा आणि सहा दिवसांनी प्रत्येक खळग्यात एक फिकट रसायन मिसळायचे, असा तो क्रम होता. पेशी जिवंत असतील तर त्या या रसायनाचे नारिंगी रंगात रूपांतर करतात आणि मेल्या असतील तर खळगा फिकटच राहतो. म्हणजे विषाणू असूनही जेथे रंग चढला, तेथे अर्काने पेशी वाचवल्या असा अर्थ निघे. रंगाची तीव्रता यंत्राने मोजता येत असल्याने एका आठवड्यात शेकडो अर्क तपासणे शक्य झाले.

या चाचणीला एक मर्यादा होती. पाण्यातील अर्कांपैकी पुष्कळसे अर्क पेशी वाचवत, पण अधिक तपास केल्यावर त्यांतील कर्ता घटक टॅनिन किंवा लांब साखळीची शर्करा निघे. हे घटक विषाणूला आणि पेशीच्या पृष्ठभागाला सरसकट चिकटतात, शरीरात मात्र औषध म्हणून टिकत नाहीत, म्हणून ते आरंभीच ओळखून वगळण्याची वेगळी सोय करावी लागली. उरलेल्या अर्कांचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा विषाणूसमोर तपासायचा, जो प्रभावी ठरेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे आणि असे करत शेवटी एका शुद्ध संयुगापर्यंत पोहोचायचे, हा मार्ग महिनोन्‌महिने चाले.

सरावाकचा बिंतांगोर

१९८७ मध्ये आर्नल्ड आर्बोरेटमचे जॉन बर्ली यांनी मलेशियाच्या सरावाक राज्यात, कुचिंगच्या पश्चिमेस असलेल्या लुंडू परिसरातील पाणथळ अरण्यातून, स्थानिक वनखात्याच्या साहाय्याने एका मध्यम उंचीच्या वृक्षाची पाने व डहाळ्या गोळा केल्या. तेथील लोक अशा वृक्षांना बिंतांगोर म्हणतात, परंतु हे नाव कॅलोफायलम या मोठ्या प्रजातीतील कितीतरी जातींना आणि बाजारातल्या त्यांच्या लाकडालाही सरसकट लागू होते. प्रमाण नमुन्यावरून हा वृक्ष कॅलोफायलम लॅनिजेरम या जातीच्या एका विशिष्ट उपप्रकाराचा असल्याचे ठरले, आणि फ्रेडरिकमध्ये त्याच्या अर्काने एचआयव्हीपासून पेशींचे जवळजवळ पूर्ण रक्षण केल्याचे दिसून आले.

अर्कातून वेगळे झालेले मुख्य संयुग म्हणजे कॅलानोलाइड ए. ते कुमारिन वर्गातले आहे. हा वर्ग वनस्पतिसृष्टीत विपुल असून कोडावर वापरल्या जाणाऱ्या बावचीच्या बियांतील सोरालेन हे त्याच वर्गातले आहे. १९९२ मध्ये योएल काश्मान, मायकेल बॉइड आणि सहकाऱ्यांनी हा शोध प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची दोन वैशिष्ट्ये विशेष लक्षात आली. पहिले असे की, कॅलानोलाइड रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजवरच काम करते, परंतु एझेडटीप्रमाणे डीएनएच्या घटकाचे सोंग घेऊन विकराला फसवत नाही. ते विकराच्या एका बाजूच्या खोबणीत बसून त्याची हालचालच अडवते. दुसरे वैशिष्ट्य अधिक मोलाचे होते : एझेडटीला आणि त्याच खोबणीत बसणाऱ्या इतर काही प्रायोगिक औषधांना सरावलेल्या विषाणूंनाही ते रोखत होते. उलट एचआयव्हीचा पश्चिम आफ्रिकेत आढळणारा दुसरा प्रकार त्याला दाद देत नव्हता, कारण त्या प्रकाराच्या विकरात ती खोबणी निराळ्या घडणीची आहे.

आता संयुग अधिक प्रमाणात हवे होते, म्हणून इलिनॉय विद्यापीठाचे जाजा सोयेयार्तो यांच्या नेतृत्वाखालील पथक सरावाकला परतले. तोवर मूळ वृक्ष तोडला गेला होता. आसपास त्याच जातीचे इतर वृक्ष मिळाले, पण त्यांच्या नमुन्यांत कॅलानोलाइड ए फारच थोडे किंवा मुळीच नव्हते. एकाच जातीच्या दोन झाडांतील रसायने जमीन, वय, ऋतू आणि आनुवंशिक प्रकार यांनुसार बदलतात, हे वनस्पतिशास्त्राला ठाऊक असलेले तथ्य येथे चांगलेच महागात पडले. शोध सुरू असताना कॅलोफायलम टेस्मानी या दुसऱ्या जातीच्या सालीला चीर दिल्यावर झिरपणाऱ्या चिकात कॉस्टॅटोलाइड नावाचे जवळचे संयुग भरपूर सापडले. ते कॅलानोलाइडपेक्षा कमी प्रभावी होते, परंतु रबराच्या झाडाप्रमाणे ते झाड न तोडता मिळवता येत होते.

पुरवठ्याचा मूळ प्रश्न मात्र रसायनशास्त्राने सोडवला. १९९३ पासून कॅलानोलाइडचे कृत्रिम संश्लेषण, म्हणजे साध्या रसायनांपासून प्रयोगशाळेत ते घडवणे, शक्य झाले आणि इलिनॉयमधील मेडिकेम रिसर्च या कंपनीने मानवी चाचण्यांना पुरेल इतके ते तयार करण्याची रीत बसवली. १९९४ मध्ये सरावाक सरकार आणि अमेरिकेची कर्करोग संस्था यांच्यात करार झाला होता, त्यामुळे संश्लेषणाने झाडाची गरज संपली तरी सरावाकचा हक्क संपला नाही. १९९६ मध्ये सरावाक मेडिकेम फार्मास्युटिकल्स ही कंपनी स्थापन झाली, तिच्यात राज्य सरकार आणि मेडिकेम यांची निम्मी-निम्मी भागीदारी होती. औषधाच्या विकासात अरण्याचा मालक स्वतः भांडवलदार म्हणून उतरल्याची अशी उदाहरणे त्या काळात विरळाच होती.

१९९७ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर पहिली चाचणी झाली. चक्कर, डोकेदुखी आणि तोंडात रेंगाळणारी तेलकट चव यांपलीकडे मोठे दुष्परिणाम आढळले नाहीत. संसर्ग झालेल्या रुग्णांवरील पुढच्या अल्पकालीन चाचणीत मोठ्या मात्रेने रक्तातील विषाणूंचे प्रमाणही उतरले. कालांतराने हेच संयुग क्षयरोगाच्या जंतूलाही परीक्षानळीत रोखते असे दिसून आले, आणि एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे मोठे कारण क्षय हेच असल्याने या दुहेरी गुणाचे बरेच कौतुक झाले. तरीही काम पुढे सरकले ते अतिशय संथपणे. कंपनीची सूत्रे सरावाक सरकारच्या क्रॉन रिसर्च या संस्थेकडे गेली आणि कॅलानोलाइड औषधाच्या दुकानापर्यंत कधीच पोहोचले नाही.

याच प्रजातीतील एक वृक्ष कोकणाच्या किनाऱ्यावर सर्वांच्या ओळखीचा आहे. संस्कृतात पुन्नाग आणि मराठीत उंडी म्हणून ओळखला जाणारा कॅलोफायलम इनोफायलम समुद्रकाठच्या वाळूत वाढतो, आणि त्याच्या बियांचे तेल पूर्वापार दिव्यासाठी वापरले जाई. १९९३ मध्ये स्मिथक्लाइन बीचम कंपनीच्या संशोधकांनी या जातीच्या मलेशियातील झाडातून इनोफायलम नावाची, कॅलानोलाइडशी जवळचे नाते असलेली कुमारिने मिळवली आणि तीही रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला रोखतात असे दाखवले. विशेष म्हणजे ही संयुगे त्यांना प्रथम आढळली होती ती एका मोठ्या आफ्रिकी गोगलगायीच्या अर्कात.

सामोआतील मामाला

सरावाकचा वृक्ष गोळा करताना त्याच्या औषधी उपयोगाची कोणालाही कल्पना नव्हती. सामोआतील शोधाची सुरुवात नेमकी उलट बाजूने झाली. लोकवनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणजे एखाद्या समाजाच्या वनस्पतिज्ञानाचा अभ्यास करणारे, पॉल अ‍ॅलन कॉक्स १९८४ पासून सवाई बेटावरील फालेआलुपो गावात राहून तेथील वनौषधींची नोंद करीत होते. सामोआत झाडपाल्याची औषधे देणाऱ्यांना ताउलासेआ म्हणतात आणि हे काम बहुतांशी स्त्रियांकडे असते. एपेनेसा माउइगोआ या अशाच एका वयस्क जाणकार स्त्रीने कॉक्स यांना मामाला या लहान वृक्षाच्या खोडाचा पाण्यातील काढा काविळीवर देतात असे सांगितले. झाडाचे दोन प्रकार आहेत, त्यांतला एकच चालतो आणि तोही ठरावीक आकाराचा असावा लागतो, एवढा तपशील या जाणकारांकडे होता. पुढे रासायनिक मोजमापे झाली तेव्हा निरनिराळ्या झाडांतील प्रभावी द्रव्याच्या प्रमाणात कित्येक पटींचा फरक निघाला, आणि या पथ्याचा अर्थ प्रयोगशाळेला कळला.

कावीळ बहुधा विषाणूजन्य असते, म्हणून मामालाचा अर्क कर्करोग संस्थेकडे विषाणूविरोधी चाचणीसाठी गेला. होमॅलँथस न्यूटन्स हे शास्त्रीय नाव असलेल्या या वृक्षातून १९९२ मध्ये प्रोस्ट्रॅटिन वेगळे झाल्याचे जाहीर झाले. हे संयुग अगदीच अपरिचित नव्हते. न्यूझीलंडमधील एका विषारी झुडपातून ते १९७० च्या दशकात मिळाले होते. संशोधकांना धास्ती होती ती त्याच्या कुळाची, कारण ते फोर्बॉल वर्गातले आहे आणि या वर्गातली पुष्कळ द्रव्ये पेशींत अर्बुदांच्या वाढीला चालना देतात. प्रोस्ट्रॅटिन मात्र याला अपवाद ठरले. पेशींतील ज्या विकराला इतर फोर्बॉले उत्तेजित करतात त्यालाच तेही उत्तेजित करते, तरी त्याने अर्बुदवाढ होत नाही, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले.

त्याचे खरे महत्त्व काही वर्षांनी उमगले. १९९७ च्या सुमारास असे स्पष्ट झाले होते की, औषधांनी रक्तातील विषाणू जवळजवळ नाहीसा केला तरी काही दीर्घायुषी पेशींच्या डीएनएत तो निद्रिस्त राहतो. अशा पेशी विषाणूचे कोणतेही प्रथिन बनवत नाहीत, त्यामुळे औषधांना व रोगप्रतिकारशक्तीला त्या ओळखू येत नाहीत, आणि उपचार थांबताच विषाणू शरीरात पुन्हा पसरतो. प्रोस्ट्रॅटिन या निद्रिस्त विषाणूला जागे करते आणि त्याच वेळी निरोगी पेशींच्या पृष्ठभागावरील, विषाणूला प्रवेश देणारे ग्राहक रेणू कमी करून नव्या संसर्गाला आळा घालते. दडलेला विषाणू आधी जागा करून उघड्यावर आणायचा आणि मग नष्ट करायचा, या उपचारकल्पनेच्या अभ्यासात जे पहिले रेणू वापरले गेले, त्यांत मामालाचा हा रेणू होता.

त्याच्या पुरवठ्याचा मार्गही अनपेक्षित ठिकाणाहून निघाला. २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॉल वेंडर यांच्या गटाने जमालगोट्याच्या तेलातील फोर्बॉलपासून मोजक्या टप्प्यांत प्रोस्ट्रॅटिन बनवून दाखवले. आयुर्वेदात जयपाळ या नावाने ओळखले जाणारे आणि तीव्र रेचक म्हणून शोधन करूनच वापरले जाणारे हे बी भारतात व आग्नेय आशियात सहज मिळते, त्यामुळे सामोआतील झाडांवर भार न टाकता संशोधनाला पुरेसे द्रव्य उपलब्ध होऊ लागले.

सामोआच्या या कथेला जंगलाचीही एक बाजू आहे. फालेआलुपो गावाला शाळा बांधण्याची सक्ती झाली होती आणि पैशासाठी गावकऱ्यांना अरण्य तोडणाऱ्या कंपनीला हक्क विकावे लागत होते. कॉक्स यांनी शाळेचा पैसा उभा करण्याचे आश्वासन दिले, आणि १९८९ मध्ये गावाने सुमारे ३०,००० एकर अरण्य राखण्याचा करार केला. या कामासाठी १९९७ मध्ये कॉक्स आणि गावप्रमुख फुइओनो सेनिओ यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २००१ मध्ये लॉस एंजेलिसमधील एड्स रिसर्च अलायन्स या संस्थेने प्रोस्ट्रॅटिनच्या विकासाचा परवाना घेतला तेव्हा संभाव्य नफ्यातील २० टक्के सामोआला देण्याचे मान्य केले. हा वाटा सरकार, गाव आणि ज्या जाणकार स्त्रियांनी माहिती दिली त्यांची कुटुंबे यांत विभागायचा होता. २००४ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने मामालाच्या जनुकांवर आधारित निर्मितीचे उत्पन्न सामोआबरोबर निम्मे-निम्मे वाटून घेण्याचा करार केला.

विषारीपणाची अडचण

मोहिमेतील प्रत्येक वाट इतकी दूर गेली नाही. कॅमेरूनच्या कोरुप राष्ट्रीय उद्यानातून १९८७ मध्ये मिळालेल्या एका वेलीतून मिशेलामीन बी हे संयुग निघाले, आणि कॅलानोलाइडच्या विपरीत ते एचआयव्हीच्या दोन्ही प्रकारांवर प्रभावी होते. वेल शास्त्राला नवी होती. १९९३ मध्ये तिला अँसिस्ट्रोक्लॅडस कोरुपेन्सिस असे नाव देण्यात आले. जमिनीवर गळून पडलेल्या वाळक्या पानांतही संयुग असल्याने ती वेल न दुखावता गोळा करता आली, लागवडीचेही प्रयत्न झाले. परंतु प्राण्यांवरील प्रयोगांत, प्रभावी ठरू शकेल ती मात्रा आणि मज्जासंस्थेला इजा करणारी मात्रा यांत सुरक्षित अंतर उरत नाही असे दिसून आले आणि काम सोडून द्यावे लागले.

चीनमधील एका औषधाची गत अधिक दुःखद झाली. पडवळाच्याच प्रजातीतील ट्रायकोसँथिस किरिलोवी या वेलीच्या मुळातील ट्रायकोसँथिन हे प्रथिन चीनमध्ये गर्भपातासाठी वापरले जाई. ते विषाणूबाधित पेशी निवडून मारते, असे कॅलिफोर्नियातील मायकेल मॅग्रा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये परीक्षानळीतील प्रयोगांवरून जाहीर केले आणि ‘कंपाउंड क्यू’ या टोपणनावाने त्याची ख्याती रुग्णांत पसरली. सरकारी चाचणीची वाट पाहण्याइतका अवधी आपल्याजवळ नाही, ही रुग्णांची भावना खोटी नव्हती. प्रोजेक्ट इन्फॉर्म या संस्थेचे मार्टिन डिलेनी यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील काही शहरांत डॉक्टरांनी हे औषध चीनमधून मिळवून परवानगीविना रुग्णांना दिले. काहींना संभ्रम आणि बेशुद्धी यांसारखे गंभीर परिणाम झाले, चाचणीच्या काळात मृत्यूही घडले आणि औषधाचा अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. या प्रकरणाने औषधनियामकांवर चाचण्या लवकर खुल्या करण्याचा दबाव वाढला. त्याचबरोबर परीक्षानळीतील यश आणि रुग्णाचे हित यांतले अंतर किती मोठे असते, याचीही जाणीव तीव्र झाली.

परिपक्वतेचा अटकाव

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतच्या वाटेवर बरेच पुढे गेलेला रेणू तैवानमध्ये उगम पावला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील के. एच. ली यांच्या गटाने जांभळाच्या प्रजातीतील सिझिजियम क्लॅव्हिफ्लोरम या तेथील झाडाच्या पानांतून बेट्युलिनिक आम्ल मिळवून १९९४ मध्ये त्याची एचआयव्हीविरोधी क्षमता दाखवली. हे आम्ल स्वतः सामान्य ताकदीचे होते. त्याच्या घडणीत बदल करून तयार केलेले बेव्हिरिमॅट मात्र अत्यंत प्रभावी ठरले, आणि त्याचा परिणाम कोठे होतो हे कळल्यावर आश्चर्य वाटले. नवा विषाणू पेशीतून बाहेर पडताना अपरिपक्व असतो. त्यातल्या एका लांब प्रथिनाचे तुकडे पडून आतला गाभा आकाराला आला म्हणजेच तो संसर्गक्षम होतो. बेव्हिरिमॅट त्यांतला शेवटचा एक छेद अडवते, त्यामुळे विषाणू तयार होतो पण कुचकामी ठरतो. या पद्धतीने काम करणारे ते पहिले द्रव्य होते आणि ‘परिपक्वता-रोधक’ हा औषधांचा नवा वर्ग त्याच्यापासून मोजला जातो.

पॅनाकॉस कंपनीने रुग्णांवर चाचण्या घेतल्या तेव्हा काही जणांत औषध उत्तम चालले, तर बऱ्याच जणांत जवळजवळ निष्फळ ठरले. ज्या ठिकाणी औषध बसते तेथील विषाणूच्या प्रथिनात लोकांमध्ये नैसर्गिकरीत्याच भेद असतात, आणि काही भेदांपुढे औषधाचा इलाज चालत नाही, असा उलगडा झाला. २००९ मध्ये हे काम मिरियाड या कंपनीकडे गेले, २०१० मध्ये ते थांबले. मात्र त्या उणिवेवर मात करणारी पुढच्या पिढीची संयुगे घडवण्याचे काम इतर प्रयोगशाळांत चालूच राहिले.

१९९६ आणि त्यानंतर

वनस्पतीज रेणूंच्या पिछेहाटीची कारणे केवळ त्यांच्या रसायनांत शोधून चालत नाही. काळाचा भागही तितकाच मोठा आहे. डिसेंबर १९९५ पासून प्रथिनछेद रोखणारी औषधे बाजारात येऊ लागली, जून १९९६ मध्ये कॅलानोलाइडच्याच खोबणीत बसणाऱ्या नेव्हिरापीनला मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये व्हँकूव्हर येथील परिषदेत तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू दीर्घकाळ दबून राहतो हे जाहीर झाले. कॅलानोलाइड तेव्हा मानवी चाचणीच्या उंबरठ्यावर होते. जे काम दुसरी, स्वस्तात बनणारी औषधे करू लागली होती, तेच करण्यासाठी नव्या औषधावर मोठा खर्च करण्याची तयारी मोठ्या कंपन्यांनी दाखवली नाही. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार गरीब देशांतील सेवाभावी संस्थांना ३५० डॉलरांत देऊ केला, तोवर त्याची पाश्चात्त्य किंमत वर्षाला १०,००० डॉलरांहून अधिक होती. यानंतर प्रश्न नव्या रेणूंपेक्षा उपलब्ध औषधे लोकांपर्यंत पोहोचवण्याचा होता.

हा प्रश्न सोडवण्याऐवजी वनस्पतींचे नाव पुढे करण्याचा प्रकार दक्षिण आफ्रिकेत घडला. तेथील आरोग्यमंत्री मँटो त्शाबालाला-मसिमांग यांनी लसूण, लिंबू आणि बीट यांचा एड्सवरील आहारोपचार म्हणून पुरस्कार केला. ऑगस्ट २००६ मध्ये टोरोंटो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्या देशाच्या दालनात हे पदार्थ मांडलेले पाहून जगभर टीका झाली. औषधवाटपातील विलंबाने २००० ते २००५ या काळात ३,३०,००० हून अधिक जीव गमावले गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. आफ्रिकी बटाटा म्हणून विकली जाणारी मुळी यकृतातील औषध पचवणाऱ्या विकरांत ढवळाढवळ करते आणि त्यामुळे सोबत घेतलेल्या एचआयव्हीच्या गोळ्यांचे गणित बिघडू शकते, असेही प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले होते. सरावाक आणि सामोआत वनस्पतीला औषध ठरण्यासाठी ज्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्यांतली एकही येथे चढली गेली नव्हती.

एड्सच्या रुग्णांसाठी वनस्पतीजन्य औषध मंजूर झाल्याचे एक उदाहरण मात्र आहे. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील क्रोटन लेख्लेरी या झाडाच्या रक्तासारख्या लाल चिकापासून केलेले क्रोफेलेमर हे द्रव्य एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांच्या जुलाबावर ३१ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेत मान्य झाले. विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि स्थानिक लोकही त्या चिकाचा उपयोग जुलाबासाठी करीतच होते.

करारांचा वारसा

कर्करोग संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस संकलनपत्र नावाचा करारनामा वापरात आणला, तेव्हा वनस्पतींना जगाचा सामाईक ठेवा मानण्याची रूढी होती आणि नमुना एकदा देशाबाहेर गेला की त्यावर त्या देशाचा दावा उरत नसे. संकलनपत्राने संबंधित देशाच्या शास्त्रज्ञांना प्रशिक्षण, चाचण्यांचे निष्कर्ष आणि औषध निघाल्यास परवाना घेणाऱ्या कंपनीशी वाटाघाटीचा हक्क देऊ केला. जून १९९२ मध्ये रिओ येथे जैवविविधता करार झाला आणि जैविक संपत्तीवर राष्ट्राची सार्वभौम सत्ता असते हे तत्त्व मान्य झाले. २०१० मधील नागोया मसुद्याने लाभवाटपाचे नियम बांधून दिले. सरावाकने १९९७ मध्ये जैवविविधता केंद्राचा कायदा केला, तर भारताने २००२ मध्ये जैवविविधता अधिनियम संमत केला आणि गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांची तरतूद केली, जिच्यामागे पुण्याचे माधव गाडगीळ यांच्यासारख्या परिसरशास्त्रज्ञांचा विचार होता.

महाराष्ट्राला या तरतुदीची गरज वेगळ्या कारणाने जाणवली होती. कर्करोग संस्थेच्या पहिल्या मोहिमेत सापडलेले कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतील नरक्या या लहान झाडातही असते. परदेशात मागणी वाढल्यावर कोकण आणि पश्चिम घाटातून या झाडांची बेसुमार तोड झाली, आणि ज्या गावांच्या रानांतून ती गेली त्यांना मजुरीपलीकडे काहीही मिळाले नाही. सरावाक व सामोआतील करारांनी जे टाळले, तेच येथे घडले.

एचआयव्हीवरील आजची औषधे विषाणूला आयुष्यभर दाबून ठेवू शकतात, पण निद्रिस्त पेशींतून त्याला हुसकावू शकत नाहीत, आणि त्या पेशींपर्यंत पोहोचण्याच्या प्रयत्नांत प्रोस्ट्रॅटिन व त्याच्यापासून घडवलेल्या संयुगांवर अजूनही काम होते. त्यातून कधी औषध निघेल की नाही हे रसायनशास्त्र ठरवेल. निघालेच, तर जाणकार स्त्रीने सांगितलेल्या काढ्याचा त्यात वाटा आहे की नाही, हा वाद मात्र पहिल्यापासून घालावा लागणार नाही. तो अरण्यातून परतलेल्या संशोधकांनी आणि त्यांच्याशी करार करणाऱ्या गावांनी व सरकारांनी बव्हंशी निकालात काढला आहे.